सोळावे रीळ

पहिली तारीख चित्रीकरणाची: मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. दुसरी चित्रपट लागल्याची: पुढच्या वर्षी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली, त्या आठवड्यातला शुक्रवार. तिसरी, ग्राहक मंचाने माझी तक्रार निकाली काढल्याची: त्याच वर्षीचा पितृपंधरवडा. चौथी चित्रपटगृह पाडल्याची. पाडकाम कित्येक दिवस चालले होते, त्यामुळे एकच तारीख देता येत नाही. इसवी सनासकट सर्व नोंदी माझ्या फायलीत आहेत. ज्याला तपासायच्या असतील त्याने सकाळी यावे, आधी कळवून यावे.

हे रीळ मला पाहायला न मिळाल्याबद्दल जबाबदार व्यक्ती तीन: चित्रपटाचा निर्माता, चित्रपटगृहाचा व्यवस्थापक आणि मी. माझा अपराध सर्वांत आधी घडला, म्हणून तो आधी सांगतो.

आम्ही तेव्हा कसबा पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी खडकीला एका सरकारी कचेरीत खटल्यांचे कागद पाहत असे. परदेशी कंपन्या येणार, देश खुला होणार, असे वर्तमानपत्रे रोज छापत होती. आमच्या गल्लीपर्यंत त्यातले दोनच जिन्नस पोचले होते: कोपऱ्यावरचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आणि पत्र्यांवरून ओढलेली केबलची वायर. चित्रपटवाले आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा या दोन्ही गोष्टी गोणपाटाने झाकल्या, कारण त्यांना आमची गल्ली इंग्रजी अमलातली हवी होती.

कथा अशी होती. खडकीच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांचे कोट शिवणाऱ्या शिंप्याचा मुलगा एक दिवस शिवलेला कोट स्वतःच्या अंगात घालून पाहतो. तो त्याला बसतो, आणि पुढचे सगळे तिथून घडते. घोड्यांच्या दाणावैरणीचा ठेका, चकचकीत इंग्रजी बूट, रावसाहेब ही पदवी, शेवटी दरबारात खुर्ची. मग ठेक्यातली लबाडी उघडकीस येते, पदवी जाते आणि तो पायी, एकटा, लहानपणीच्या गल्लीत परततो. ती गल्ली म्हणजे आमची गल्ली. दारात उभी असलेली शेजारीण त्याला एक वाक्य बोलते. ती शेजारीण म्हणजे माझी पत्नी.

तिची निवड होण्याचे कारण एवढेच, की गल्लीतल्या तिच्या वयाच्या बायकांत नऊवारी झटपट नेसता येणारी ती एकटी होती.

आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या जरा उशिरा गेलात तर चालेल का?"

"कशाला?"

"शूटिंग आहे. मला वाक्य दिलंय."

"मग आत्ताच म्हण. ऐकतो."

"असं नाही म्हणता येत. उद्या बघा."

"त्यात बघायचंय काय?" असे म्हणून मी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी सायकल काढली. त्या दिवशी कचेरीत मी काय काम केले ते मला आज आठवत नाही. हजेरीपत्रकावर माझी सही आहे, इतकेच खात्रीने सांगता येते.

घडले ते मला रात्री जेवताना कळले. तिला दिलेले वाक्य लांबलचक आणि रडके होते: केवढा मोठा झाला होतास रे, आणि आता हे काय दिवस आले, वगैरे. शिवाय दिग्दर्शकाने तिचा चष्मा काढून घेतला, कारण त्या काळी गल्लीतल्या बाईला चष्मा कुठला! चष्म्याशिवाय तिला नायकाचे तोंड दिसेना. धुरकट काहीतरी चालत येत होते आणि त्याच्या तळाशी दोन बूट चमकत होते. पाठ केलेले वाक्य ती विसरली आणि घरी जे म्हटले असते तेच म्हणाली: "आलास? ते बूट आधी बाहेर काढ."

सगळे हसले म्हणे. दिग्दर्शक हसला नाही. "हेच ठेवायचं," तो म्हणाला. पलीकडच्या आळीतल्या तांबटांचे ठोके मध्ये आले, म्हणून आवाजाचे काम पाहणारा माणूस कुरकुरला. आवाज मागाहून कुणाचा तरी घालू, असे काहीसे बोलला.

"कुणाचा तरी म्हणजे?" ती मला विचारत होती. "माझ्या आवाजाला काय झालंय?"

तिला स्टुडिओत कुणी कधी बोलावले नाही. म्हणजे एक तर तिचाच आवाज राहिला, नाही तर दुसरीचा घातला गेला. तिसरी शक्यता नाही.

चित्रपट लागल्यावर शनिवारी आम्ही दोघे दुपारच्या खेळाला गेलो. सुरुवातीला पडद्यावर प्रमाणपत्र दाखवतात. ते कुणी वाचत नाही, मी वाचतो. रिळांची संख्या सोळा होती. नायक चढत गेला, लोक शिट्ट्या मारत राहिले. तो दरबारातल्या खुर्चीवर बसला, तुताऱ्या वाजल्या आणि दिवे लागले. माणसे चपला शोधू लागली. पत्नी चष्मा पुसून तयार बसली होती.

"संपला?" ती म्हणाली.

"संपला नाही. थांबवला."

मी तडक यंत्राच्या खोलीत गेलो. ऑपरेटर सज्जन होता. "साहेब, सोळा लिहिलंय खरं," तो म्हणाला, "पण पेटीतून पंधराच डबे आले. शेवटचा प्रोड्यूसरनं ऑफिसातच ठेवलाय." व्यवस्थापकाने मला खुर्चीही दिली नाही.

"प्रेक्षकांची काही तक्रार नाही," तो म्हणाला.

"मी प्रेक्षक आहे."

"तुम्ही एकटेच."

"तक्रारीला गणसंख्या लागत नाही."

निर्माता मूळचा जमिनींच्या व्यवहारातला. कोथरूडला तेव्हा एकेका शेताची सोसायटी होत होती आणि प्रत्येक सोसायटीबरोबर हा गृहस्थ एक मजला वर चढत होता. त्याच्या कार्यालयात मला थंड पेय मिळाले. रीळ मिळाले नाही.

"अहो, लोकांना आता पडलेला माणूस बघायचा नाहीये," तो म्हणाला. "वर जाणारा दाखवा. दिवस बदललेत."

"मग पडलेल्याचं चित्रीकरण कशाला केलंत?"

"तेव्हा बदलले नव्हते."

सोळा रिळांचे तिकीट घेऊन पंधरा दाखवली, ही सेवेतील त्रुटी, अशी तक्रार मी ग्राहक मंचात दाखल केली. समोरचे वकील म्हणाले, तक्रारदार शेवटपर्यंत बसून होते. मी म्हणालो, बसायला शेवट होता कुठे? अध्यक्षही हसले. पण तोवर चित्रपट उतरला होता आणि आता दाखवण्याचा आदेश कुणाला द्यायचा, म्हणून प्रकरण बंद झाले. बाहेर आल्यावर आम्ही कॉफी घेतली. मी अपिलाचा मसुदा तोंडी सांगत होतो. पत्नीने बशी खाली ठेवली.

"मी काय म्हटलं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "बघायचंय तुम्हाला. मग त्या दिवशी अर्धी रजा टाकायची होतीत."

मी अपील केले नाही.

त्यानंतरची वर्षे मात्र गोड गेली. मी संध्याकाळी सायकल लावून जिना चढलो, की दारातून ते वाक्य येई. घरात ते आदरार्थी झाले होते: "आलात? ते बूट आधी बाहेर काढा." माझे बूट नव्हते, साध्या चपला होत्या. मी म्हणे, "रावसाहेबकी गेली हो," आणि ती म्हणे, "बरं झालं, आता गिरणीतून पीठ आणा." शेजाऱ्यांनाही हे पाठ झाले होते. मी निवृत्त झालो त्या दिवशी तर समोरच्या खिडकीतूनही तेच ऐकू आले. आज वाटते, पुण्याच्या त्या पेठेत राहून मी मिळवले ते एवढेच, आणि ते पुष्कळ होते.

मुलगी संगणकाच्या कंपनीत लागली, तिने कोथरूडला सदनिका घेतली आणि आम्ही तिच्याकडे गेलो. चित्रपटगृहाच्या जागी काचेची इमारत झाली. एकदा मी तिथे चौकशीला गेलो. पहारेकरी म्हणाला, "अंकल, कोणत्या फ्लोअरला जायचंय?" मी म्हणालो, "जिथं पडदा होता तिथं." त्याने माझे नाव वहीत लिहून घेतले.

पुढे पत्नीला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. दोन वर्षे ती हाताने बोलली. मुलीच्या फोनमध्ये त्या दोन वर्षांची चलचित्रे आहेत. त्यांत ती हसते, मान हलवते, बोट दाखवते. त्याआधी तिचे चित्रण करावे असे आम्हा कुणाला सुचले नाही. ती तर रोज बोलतच होती.

ती गेल्यावर मुलीने एका रविवारी हा चित्रपट इंटरनेटवर शोधून काढला. आम्ही दोघे शेजारी बसलो. कोपऱ्यात कुठल्याशा वाहिनीचे चिन्ह, आणि शेवट खुर्चीवर. पंधराच रिळे. मुलीने तो बंद केला. मग म्हणाली, "बाबा, वाक्य मला आठवतं. आवाज नाही आठवत." खरे सांगायचे तर आता मी ते वाक्य मनात म्हणतो तेव्हा ते माझ्याच आवाजात ऐकू येते.

गेल्या महिन्यात निर्माता बागेत दिसला. त्याच्या इमारती, कार्यालय, गाड्या, सगळे गेल्याचे शहराला ठाऊक आहे. त्याने मला ओळखले. मी सोळाव्या रिळाचे विचारले.

"अहो, तुम्ही अजून तिथंच?"

"तिथंच."

"मी पार बुडालो, त्याचं नाही विचारलंत."

"तेही रीळ तुम्ही कुणाला दाखवलं नाहीत."

तो हसला, "बघतो, सांगतो," म्हणाला आणि पुढच्या फेरीला निघून गेला. त्यानंतर तो त्या बागेत आला नाही. मी पोचपावतीची दोन पत्रे पाठवली. दोन्ही स्वीकारली गेली, उत्तर नाही.

म्हणून हा मजकूर खाजगी पत्र न ठेवता छापत आहे. या गृहस्थाने तीन गोष्टी जाहीरपणे सांगाव्यात. सोळावे रीळ अस्तित्वात आहे की नष्ट केले. असल्यास कुणाच्या ताब्यात आहे. आणि दारात उभ्या असलेल्या बाईच्या तोंडी आवाज तिचाच ठेवला, की दुसऱ्या कुणाचा घातला. पहिल्या दोन प्रश्नांसाठी त्याला कपाटे उघडावी लागतील हे मी समजू शकतो. तिसऱ्याचे उत्तर त्याला आजच, बसल्या जागी देता येईल, कारण चित्रपट पूर्ण पाहिलेल्या मोजक्या माणसांपैकी तो एक आहे. उत्तर नकाराचे असले तरी मी स्वीकारीन. मात्र ते लेखी, स्वतःच्या सहीचे आणि याच पानावर आले पाहिजे. माझ्या मुलीला ते वाचायचे आहे.