कुमुदताईंचा हिरवा खण

"मावशी... आई गेली. कॅन यू कम?" अबुधाबीहून नीताचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन नुकताच चहा टाकला होता. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. कुमुदताई आजारी होत्या, हे ठाऊक होतं. पण ही बाई मरणालाही दोन शब्द सुनावून परत पाठवील, असं मला आपलं वाटत होतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

अमिरातीतल्या अल ऐन शहरात आम्ही शेजारी. ताई हॉस्पिटलच्या अपघात विभागात डॉक्टर. नव्वदच्या दशकात इथल्या लग्नांत पुरुष बंदुका नाचवत आणि आनंदाच्या भरात हवेत गोळ्या झाडत. वर गेलेली गोळी खालीही येते, हे कुणाच्या मनात येत नसे. अशीच एक गोळी गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या दत्तारामच्या खांद्यात शिरली. हा राजापूरकडचा सुतार. वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला. "आता रंधा कसा मारू, बाई?" त्याने विचारलं. ताई त्या दिवशी घरी आल्या त्या जेवल्याच नाहीत.

"हा अपघात नाही गं, ही साथ आहे," त्या मला म्हणाल्या. "साथीत नुसते रोगी तपासून भागत नाही, पाणी कुठे बिघडलं ते शोधावं लागतं." मग त्या इमामसाहेबांना भेटल्या, लग्नाचे तंबू उभारणाऱ्या पठाणाला भेटल्या, माझ्या शाळेतल्या पालकांना गोळा केलं. सगळे मान डोलवत, "इन्शाल्ला" म्हणत, आणि पुढच्या लग्नात पुन्हा धाडधाड.

तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या सालेमचं लग्न ठरलं. त्याच्या आईला सगळे उम्म सालेम म्हणत. लग्नघरात आईचा शब्द चालतो, म्हणून ताई मला आणि नीताला घेऊन तिच्याकडे निघाल्या. मागणं मागायला रिकाम्या हाताने कसं जायचं? तर तांदूळ, नारळ आणि हिरवा खण! "आई, प्लीज, धिस इज सो एम्बॅरसिंग," नीता कुरकुरत होती. ताईंनी त्या अमिराती बाईला तिच्या काळ्या ओढणीचा पदर धरायला लावला आणि चक्क ओटी भरली. उम्म सालेम गोंधळून एकदा नारळाकडे, एकदा नीताकडे बघत राहिली.

"लेकिन डॉक्टर, मेरा सालेम का शादी तो फिक्स हो गया!"

नीता जी पळाली, ती थेट घरात. आम्ही पोट धरधरून हसलो. हसू ओसरल्यावर ताईंनी दत्तारामचं आणि त्या साथीचं सांगितलं, तसा उम्म सालेमचा चेहरा पडला. "हमारा खुशी को तुम बीमारी बोलता है?"

"खुशी को नहीं. बंदूक नाचने दो, गोली मत डालो."

तिने ओटीतला खण उलगडला, मग म्हणाली, "उसका माँ है?"

"है. गाँव में."

तिने खणाची घडी घातली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

लग्नाच्या दिवशी बायकांच्या तंबूत माझं जेवणात लक्ष नव्हतं. कनातीच्या फटीतून पाहिलं, तर पुरुषांच्या दाराशी खुद्द नवरा मुलगा उभा, हातांवर तो हिरवा खण पसरलेला! आईचा हुकूम होता. येणारा प्रत्येक जण आपली काडतुसं खणात टाकत होता. जाताना परत मिळणार होती. एक काका अडून बसले, तर त्यांना कॉफी मिळणार नाही, असा आतून निरोप गेला. ढोल वाजले. तरुणांनी रिकाम्या बंदुका उंच उडवल्या आणि अलगद झेलल्या. एकही बार उडाला नाही. ताईंनी माझा हात घट्ट धरला होता. त्या रडत होत्या.

पुढे तो खण घरोघरच्या लग्नांत फिरला. इमामसाहेब तो मागून घेत, तंबूवाला पठाण सौदा ठरवतानाच विचारी, "डॉक्टर का कपड़ा आएगा ना?" गोळीबार अगदी थांबला असं मी म्हणणार नाही. पण ताईंच्या टेबलावर आमच्या वस्तीतलं तसं कुणी पुन्हा आलं नाही.

परवा मी उम्म सालेमकडे गेले. ती रडली, मग आतून खण घेऊन आली. धुतलेला, विटलेला. "नीता का अमानत," म्हणाली. मी तो हातात घेतला. ताईंच्या घरचा वास त्याला आता राहिला नव्हता, उदाचा येत होता. निघताना तिने चाचरत सांगितलं की गुरुवारी भाचीचं लग्न आहे.

मी खण पुन्हा तिच्यासमोर धरला. जवळ नारळ नव्हता, तांदूळ नव्हते. या वेळी तिला काही सांगावं लागलं नाही. तिने दोन्ही हातांनी पदर पुढे केला.