त्यांच्या पश्चात

आमच्या छापखान्यात ज्याला सगळे सेक्रेटरी म्हणतात, तो कशाचाही सेक्रेटरी नाही. पूर्वी कधीतरी तो आपल्या इमारतीचा वर्षभर सेक्रेटरी होता. पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं आणि लोकांनी त्याला काढलं. पद गेलं, नाव राहिलं, आणि त्या नावावर तो वीस वर्षं मिरवतो आहे. काम म्हणाल तर बाइंडिंगच्या टेबलावर बसून पुस्तकांच्या पाठींना सरस लावणं. खिशाला मात्र तीन पेनं. त्यातल्या दोनांत शाई नसते, हे मी स्वतः तपासलं आहे.

मी तिथला प्रूफरीडर. मला मास्तर म्हणतात. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं घर चालतं, तेव्हा असला माणूस माझ्या डोक्यात जाणारच. कोणी निवृत्त झालं की हा भाषणाला उभा. कोणी वारलं तर विचारूच नका. शोकसभा हा त्याचा खास प्रांत. त्याच्याकडे एक मळकी फाइल आहे. तिच्यात भाषण तयार असतं, फक्त नावाची जागा मोकळी. माझ्यादेखत त्याने अकरा जणांना निरोप दिला आणि अकराच्या अकरा जण मनमिळाऊ आणि हसतमुख निघाले. त्यांत आमचा जुना मॅनेजरही होता. तो उभ्या जन्मात एकदाही हसला नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या मशीनमनला अपघात झाला. पाळी संपवून तो स्कूटर काढत होता, तेवढ्यात कागदाचा ट्रक उलटा मागे आला आणि ट्रकने त्याला भिंतीशी चेपलं. मांडीच्या हाडाचे तुकडे झाले. पंचवीस वर्षं आम्ही दोघं एका बाकावर डबा खात आलो होतो. पहिलं ऑपरेशन झालं, पण जखम चिघळली. ती आवरल्यावर डॉक्टर म्हणाले की दुसरं ऑपरेशन तीन आठवड्यांत झालं तर पाय पूर्वीसारखा होईल, उशीर झाला तर गुडघा आखडेल. मशीनमनचं काम म्हणजे आठ तास पायांवर. गुडघा गेला की मशीन गेलं. मालकांनी एकदा मदत करून हात वर केले होते आणि वहिनींचे दागिने पहिल्या ऑपरेशनातच संपले होते.

सेक्रेटरीने दुसऱ्याच दिवशी मदत समिती काढली. सेक्रेटरी अर्थातच तो. समितीच्या दोन बैठका नाव काय ठेवायचं यात गेल्या, तिसरी शिक्क्याची शाई निळी की जांभळी यात. तिकडे मशीनमन हॉस्पिटलात छताकडे बघत पडला होता. शेवटी मदतीचं पत्रक छापायचं ठरलं. मजकूर मी लिहितो, असं मी म्हणालो.

"मास्तर, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा," तो म्हणाला. "भावना माझ्याकडे."

चार माणसांसमोर म्हणाला. ते मला झोंबलं.

संध्याकाळी प्रूफ माझ्या टेबलावर आलं. अपघाताची हकिकत ठीक होती. मदतीचं आवाहनही होतं. पुढे लिहिलं होतं: ‘ते अत्यंत मनमिळाऊ आणि हसतमुख होते. त्यांच्या पश्चात पत्नी व एक मुलगी असा परिवार आहे.’ मी पोट धरून हसलो. जिवंत माणसाबद्दल चार शब्द लिहायची वेळ या गृहस्थावर कधी आलीच नव्हती. हात आपोआप फाइलमधलं उतरवून मोकळा झाला. मी तीन वेलांट्या सुधारल्या, एक स्वल्पविराम घातला, आणि ती दोन वाक्यं तशीच ठेवून खाली सही केली. गावभर हसं होऊ दे याचं, म्हटलं. मला खरोखर मजा वाटत होती.

दोन हजार पत्रकं वाटली गेली. लोक मशीनमनच्या घरी येऊ लागले, पण खाली मान घालून. दार उघडणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायचे, पाच मिनिटं गप्प बसायचे आणि निघून जायचे. कागदवाल्याने छापखान्यात फुलं पाठवली. पैसे देतो म्हणालेले लोक म्हणू लागले, आता ऑपरेशन कोणाचं करायचं? गेलेल्या माणसाला हाड कशाला लागतं?

चूक कळल्यावर सेक्रेटरीने नवं पत्रक काढलं. त्याने तर आगीत तेल ओतलं. मेलेल्याला जिवंत करून पैसे उकळतात, अशी बोलवा उठली. समितीतले बाकीचे सटकले. मीही सटकलो.

मग हा माणूस बिनपगारी रजा टाकून दारोदार फिरला. मशीनमनच्या हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र देऊन त्याने फोटो काढला होता, तो दाखवायचा. भाषण नाही, फाइल नाही. ‘तो जिवंत आहे, चूक माझी आहे,’ एवढंच बोलायचा. लोक तोंडावर दार लावायचे, हा दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा. अशा चिकट माणसांची मला शिसारी येते. पण पैसे जमले. ऑपरेशन मुदतीनंतर नवव्या दिवशी झालं.

मशीनमनचा गुडघा आता वाकत नाही. मशीनवर दुसरा माणूस आला. आमचा मशीनमन बाइंडिंगच्या टेबलाशी पाय लांब करून सेक्रेटरीच्या शेजारी सरस लावतो. ते पहिलं पत्रक त्याच्या खिशात असतं. चहाच्या वेळी तो स्वतःचेच गुण मोठ्याने वाचून दाखवतो आणि सगळे हसतात.

एकदा तो हसत हसत म्हणाला, "सेक्रेटरी, हे नुसतं मास्तरांच्या डोळ्यांखालून घातलं असतंत, तर माझा गुडघा आज वाकला असता."

मला काही कळेना. प्रूफ माझ्याकडे सेक्रेटरीनेच आणलं होतं आणि सही झाल्यावर त्यानेच नेलं होतं. मग कळलं की त्याने सगळ्यांना वेगळंच सांगितलं होतं: घाई होती, मास्तरांना दाखवलंच नाही.

सगळे पांगल्यावर मी त्याला गाठलं. असं का सांगितलंत, म्हणून विचारलं. त्याने ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळवला.

"त्याला डबा तुमच्याबरोबर खायचा असतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चहा आला. मशीनमनने पत्रक काढून वाचलं, मास्तरांना दाखवायला हवं होतं म्हणाला, आणि सेक्रेटरी म्हणाला, हो, घाई केली. सगळे हसले. मीही हसलो.