वीरचक्रवाल्या आजोबांचा फ्लेक्स

काळाचौकीच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर वीरचक्र मिळालेले आजोबा राहतात. गिरणी कामगाराचा हा मुलगा हवाई दलात वैमानिक झाला आणि युद्धात एकटा शत्रूच्या दोन लढाऊ विमानांवर तुटून पडला होता. मंडळाला त्यांची आठवण झाली ती गेल्या वर्षी, गणपतीचा देखावा हवाई युद्धाचा ठरला तेव्हा. मग शाल, श्रीफळ आणि तीन खोल्या झाकेल एवढा फ्लेक्स. त्यावर आजोबा वाटीएवढे, निवडणुकीला इच्छुक साहेब दाराएवढे, आणि मागे विमान चक्क प्रवासी! हा फ्लेक्स बांधला कुठे, तर आजोबांच्याच गॅलरीला. आत दम्याचा माणूस, आणि हवा बंद.

मी तावातावाने अध्यक्षांकडे गेले. "काढा तो. आजोबांना श्वास घेता येत नाहीये."

"अगं, त्यांचाच सन्मान आहे ना? विसर्जनापर्यंत कळ काढा."

मी जळजळीत पत्रक लिहिलं आणि आजोबांना वाचून दाखवलं.

"झकास," ते धापा टाकत म्हणाले. "पण हे छापून येईपर्यंत मी जाईन. कात्री आण."

मागून फ्लेक्स पांढराच दिसत होता. आजोबांनी खुर्चीसमोर मोठा चौकोन कापला आणि त्यातून डोकं बाहेर काढलं.

खालून कार्यकर्ता ओरडला, "आजोबा, साहेबांचं तोंड कापलंत!"

"असू दे रे. आता तरी मी ओळखू येतोय का, बघ."

आजोबांचा दमा मंडळाला चार दिवस चालला होता. साहेबांचं फाटकं तोंड मात्र मंडळाला तासभरही बघवलं नाही. फ्लेक्स उतरला.