मामाची पिवळी साडी, तीन हजार केल्विन

भाचीच्या लग्नात मामानं पिवळी साडी द्यायची असते, हे आमच्या सातारा-सांगलीकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मी पांढरी नेली.

मुद्दाम नव्हे! उलट इतकी निरखून साडी आजवर कुठल्याच मामानं घेतली नसेल. दोष माझा नव्हता, आमच्या घरातल्या दिव्यांचा होता. (दिवे मी बसवले होते, ही गोष्ट वेगळी.)

झालं असं, की सांगलीतल्या घराला आम्ही पीओपी करून घेतलं आणि दिवे निवडायचं काम मी अंगावर घेतलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून या विषयात मी इतका पारंगत झालो, की मला लांबून येताना बघून इलेक्ट्रिकवाला शटर ओढायला लागला. "नुसता एलईडी द्या म्हणू नका, केल्विन विचारा!" मी शेजाऱ्यांना रस्त्यात अडवून सांगायचो. "साडेसहा हजार केल्विन म्हणजे दवाखान्यासारखा पांढराफटक उजेड. चार हजार म्हणजे धड हा नाही, धड तो नाही. घराला पाहिजे तीन हजार. पिवळसर, उबदार!"

बैठकीपासून न्हाणीघरापर्यंत मी सगळीकडं तीन हजार ठोकले. घर असं सोनेरी झालं, की पाहुणे पांढऱ्या भाताला मसालेभात समजायचे आणि "मसाला जरा कमी पडला, वहिनी," असं सांगून जायचे.

"आवं, सैपाकघरात तरी एक पांढरा दिवा लावा की," आमची सौ. शोभा म्हणायची. "दूध उतू गेलं का चहा, काय बी कळंना मला."

"होईल सवय."

"कुणाला? दुधाला व्हय?"

अशा घरात साड्यांचा गठ्ठा आला.

माझी थोरली बहीण, अक्का, साताऱ्याला दिलेली. तिच्या प्रणालीचं लग्न ठरलं होतं. अक्कानं फोनवर बजावलं, "बापू, इस्लामपूरचा दिलीप म्हणतोय, पिवळी साडी मी आणतो. मी सांगितलं, माझा सख्खा भाऊ हाय अजून! तवा साडी तुझी, आन पोरीच्या पाठीशी हुबा बी तूच ऱ्हायचं."

दिलीप आमचा चुलतभाऊ. गाडीत दोन-दोन स्टेपन्या घेऊन फिरणारा माणूस. त्याच्यापुढं उणं पडायचं नाही म्हणून मी दुकानदाराला साड्या पसंतीला घरीच पाठवायला लावल्या. संध्याकाळी त्याचा माणूस आला. माझ्या सोनेरी उजेडात मी एकेक साडी उलगडत गेलो. ज्या खरोखर पिवळ्या होत्या, त्या मला नारंगी दिसल्या. "भगव्या कशाला दाखवतोस? लग्न आहे, मिरवणूक नाही!" म्हणून मी त्या बाजूला सारल्या. आणि गठ्ठ्याच्या तळातून एक निघाली... काय पिवळी! नुकत्याच कांडलेल्या हळदीसारखी!

"सकाळी अंगणात नेऊन बघूया," शोभा म्हणाली.

"दिवसाच्या उजेडाचं मला सांगू नकोस! सकाळी एक, दुपारी एक. माझा बघ, ठाम तीन हजार."

सूर्यावर असा उघड अविश्वास दाखवणारा आमच्या घराण्यात मीच पहिला.

दुकानाचा माणूस साडी फॉल लावायला घेऊन गेला, आणि पेटीला चिकटपट्ट्या मारून परत दिली ती आम्ही साताऱ्याला निघताना, गाडीच्या खिडकीतून.

कार्यालयात नवरीच्या खोलीत अक्कानं साऱ्या बायकांदेखत मोठ्या अभिमानानं पेटी उघडली. डोक्यावर लख्ख पांढरी ट्यूब.

"आगं बया!" अक्काची जाऊ म्हणाली. "ही तर पांढरी हाय!"

"पिवळी आहे ती!" मी दारातून ओरडलो. "तुमची ट्यूब साडेसहा हजाराची आहे!"

"ट्यूब असंल धा हजाराची! साडी पांढरी ती पांढरीच!"

बातमी मांडवात पोचली तोवर 'मामानं पांढरी आणली'चं 'मामाला लग्न पसंत न्हाई' झालं होतं. वरपक्षाच्या खोलीत तर मी नवरीला पळवायला गाडी चालू ठेवून उभा होतो म्हणे!

अक्का साडीची घडी परत घालायला लागली. प्रणाली मुंडावळ्या बाजूला करत म्हणाली, "ऱ्हाऊ दे मामा, मी हीच नेसते." ते मात्र जिव्हारी लागलं. त्या वेळी मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून 'चुकलो गं' म्हणायला हवं होतं. मी काय केलं? मी सिद्ध करायला निघालो!

साडी काखेत मारून मी मांडवात धावलो. तिथं व्हिडिओवाल्याचा दिवा उंच स्टँडवर लावलेला.

"याचे केल्विन किती रं?"

"बटण हाय, साहेब," लाइटवाला म्हणाला. "फिरवाल तसा पांढरा नाहीतर पिवळा."

मी बटण पिवळ्याच्या टोकापर्यंत पिळलं आणि साडी दिव्याखाली झेंड्यासारखी फडकवली. पिवळीधमक! "बघा! आहे का नाही?"

भटजींसकट साऱ्या मांडवानं बघितलं. अक्काची जाऊ पुढं आली. "व्हय की, पिवळी हाय. मग आता पोरीनं जलमभर ह्या दिव्याखालीच संसार करायचा का?"

तिला उत्तर द्यायला मी तावातावानं वळलो आणि माझा पाय स्टँडमध्ये अडकला. स्टँड मोडलं. दिवा मी वरच्या वर झेलला, पण बटण तुटून हातात आलं, आणि दिवा पिवळ्यावर अडकला तो अडकलाच.

"स्टँड गेलं, साहेब," लाइटवाला थंडपणे म्हणाला. "मला तो दुसरा दिवा धरायचा हाय. ह्यो आता तुमीच धरा."

तिकडं दिलीपनं गाडीची डिकी उघडली. "म्हटलं, असावी एक जादा." त्याची साडी ट्यूबखाली पिवळी होती. अंधारातही पिवळीच असणार, असला तो माणूस!

भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या!" मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून दोन्ही हातांनी दिवा धरून उभा. प्रणाली दिलीपची साडी नेसून आली आणि तिच्या पाठीशी दिलीप उभा राहिला. मंगलाष्टकं चालू झाली. सारा मांडव अक्षता टाकत होता. माझे हात अडकलेले, मला चार दाणेही टाकता आले नाहीत. अक्कानं मध्येच मान वर करून मला शोधलं. मी हसलो सुद्धा! पण दिव्यामागचा माणूस कुणाला दिसतो?

परवा अल्बम आला. मी एकाही फोटोत नाही. फक्त अंतरपाटाच्या फोटोत कडेला एक हात आहे, दिवा धरलेला.

विहीणबाई अल्बम बघून खूश होऊन अक्काला म्हणाल्या, "सगळी कशी सोन्यासारखी दिसत्यात! लाइटवाला लय चांगला गाठलासा. कुठला वो?"

अक्कानं पान उलटलं. "सांगलीचा. वळखीतला हाय."

भाऊ म्हणाली नाही. पण अनोळखी तरी म्हणाली नाही! सध्या मी तेवढ्याच उजेडात भागवतोय.