ओंजळभर बेदाण्यांचा पैरा

राजेश्वरीबाईंच्या वाट्याला हार कधी आली नाही असं नाही. पण आली तरी त्या तिला चहा पाजून परत पाठवत. माहेर कराडचं, नोकरी तासगावच्या हायस्कुलात मराठी शिकवण्याची. दर सुट्टीला नववी पास झालेल्या पोरींना त्या ग्रंथालयातली पुस्तकं वाटत आणि बजावत, "दुपारी जेवण झालं की निवांत वाचा." आता तासगावात उन्हाळ्याच्या दुपारी निवांत असतं कोण? द्राक्षांचा बेदाणा झालेला असतो, आणि आयांबरोबर पोरीही शेडमध्ये काड्या नि देठ निवडत बसलेल्या असतात. जूनमध्ये पुस्तकं कोरी करकरीत परत येत, आणि बाई पोरींना आळशी म्हणून मोकळ्या होत. ही साधी गोष्ट डोक्यात शिरायला त्यांना बरेच उन्हाळे लागले.

शिरली ती रेश्मामुळं. ही पोर वाचताना अडखळायची, आणि वर्गात खसखस पिकायची. निकालाच्या दिवशी तिनं सांगूनच टाकलं, "बाई, मी धावीला येनार न्हाई. आईसंगं शेडातच जाईन."

"जूनमध्ये तू पहिल्या बाकावर दिसशील," बाई म्हणाल्या. म्हणाल्या तर ठासून, पण ते कसं जमवायचं हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी पुस्तकांची पिशवी स्कुटीला अडकवून त्या थेट शेडवर धडकल्या. तिथला कारभार अंबूबाईंचा. निवडणाऱ्या बायकांची ही मुकादम, बोलायला फटकळ आणि हिशेबाला चोख.

"आवं बाई, हितं हात कामात, डोळं कामात. पुस्तक वाचायचं कशानं?"

"कानानं. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं."

"आन् जी वाचंल, तिची पाटी कोन भरनार? हितं वजनावर मजुरी हाय."

हा हिशेब बाईंनी केलाच नव्हता. पण अंबूबाई काही वाईट बाई नव्हत्या, हातातले बेदाणे खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पैरा करू."

आज तुझ्या रानातलं तण काढायला, भांगलणीला, मी येते, उद्या माझ्या भांगलणीला तू ये, हा इकडच्या शेतातला जुना पैरा. तोच शेडमध्ये आला. वाचणारीच्या पाटीत, म्हणजे टोपलीत, प्रत्येकीनं मधूनमधून ओंजळभर निवडलेला बेदाणा टाकायचा, आणि आपली पाळी आली की आपण वाचायचं.

पुस्तक होतं देवळातल्या चोरीला गेलेल्या घंटेचं. दोन दिवसांत शेडमध्ये तट पडले.

"पुजाऱ्यानंच न्हेली."

"गप गं, त्येचं तर गुडघं दुखत्यात. घंटा उचलंल व्हय?"

रेश्मा सगळ्यांच्या पाटीत ओंजळ टाकायची, तीही शिगोशीग भरून. पण तिची पाळी आली की कधी घसा धरलेला असायचा, कधी प्यायचं पाणी आणायला जायचं असायचं. बाई रोज येत आणि हे बघत. जीभ आवरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, तरी त्यांनी ती आवरली. मे सरत आला, पुस्तकही सरत आलं. पोर हातची जाणार, या विचारानं त्यांचा जीव तुटत होता.

एका दुपारी अंबूबाईंनीच हात थांबवले. "रेश्मे, तू समद्यांच्या पाटीत वंजळ टाकलीस. तुझ्या पाटीत कुनी टाकली?"

"ऱ्हाऊ द्या की काकी."

"ऱ्हाऊ कसं द्यायचं? पैरा द्यायचा, तसा घ्यायचा बी आसतो. न्हाईतर आमी जलमभर तुझ्या उपकारात. या अंबूनं कुनाचा पैरा अंगावर ठेवला न्हाई, तुझा बी ठेवायची न्हाई. बस, वाच."

रेश्मानं पुस्तक घेतलं. एकेक शब्द चाचपत, जोडाक्षरापाशी ठेचकाळत ती निघाली. एक पोरगी फिस्सकन हसली. रेश्मा थांबली आणि पुस्तक मिटू लागली.

तेवढ्यात कोपऱ्यातून म्हाताऱ्या हौसाक्का खेकसल्या, "थांबलीस का गं? बाकीच्या पोरी गाडी पळवल्यागत वाचत्यात. मला कळंस्तवर घंटा फुडल्या गावात. तू सावकाश वाचतीस, तवा समदं कळतंय. चल फुडं."

हौसाक्कांना कुणाची समजूत घालायची सवयच नव्हती. त्यांना खरोखर घंटेचं काय झालं ते हवं होतं. रेश्मा वाचू लागली. तिच्या पाटीत ओंजळी पडत राहिल्या. हसणाऱ्या पोरीनंही एक टाकली. प्रकरण संपवून रेश्मानं मान वर केली, तेव्हा पाटी काठोकाठ भरली होती. शेवटचं प्रकरणही तिनंच वाचलं. चोर पुजारी निघाला नाही, याचं निम्म्या शेडला वाईट वाटलं.

जूनमध्ये रेश्मा दहावीच्या वर्गात दिसली. पहिल्या बाकावर नाही, तिसऱ्या. बाईंनी तेवढी सूट दिली.

उंब्रजहून नव्यानं आलेल्या भार्गवीला त्यांनी धडा वाचायला उभं केलं. अनोळखी वर्ग, अनोळखी तोंडं. पोर दुसऱ्याच ओळीत अडखळली आणि मागून हसू आलं. बाईंनी डस्टर आपटायला उचललं, पण त्याआधीच रेश्मा उभी राहिली.

"हसू नका गं. सावकाश वाचलं की समद्यांना कळतं." मग भार्गवीकडं वळून म्हणाली, "तू वाच. आमी ऐकतोय."

बाईंनी डस्टर हळूच खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. भार्गवी पुढची ओळ वाचू लागली.