पूजेत उजळलेला शाफ्ट

"मयताला आंघोळ कुणी घातली?"

धायरीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्णिमा ओव्हाळ अशी गरजली, की माझ्या हातातला चहा माझ्याच पँटवर सांडला. मयत म्हणजे पंपाचा मोडलेला पोलादी शाफ्ट. पुण्याबाहेरच्या एका तेल डेपोत डिझेल पुढे ढकलणाऱ्या मोठ्या पंपाचा हा शाफ्ट चालता चालता तुटला, डिझेल उडालं, आग लागली. आग विझली, पण पंप चालवणाऱ्या पोपट शेलारचा डावा हात भाजला. डेपोच्या साहेबांनी वर त्यालाच निलंबित केलं. का, तर म्हणे यानेच व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालवला. विमा कंपनीला बाहेरच्या माणसाचा अहवाल हवा होता, म्हणून ते काम पूर्णिमाकडे आलं.

तिचा धंदाच तो. मोडलेल्या लोखंडाला बोलतं करायचं. पण पेटीतून निघालेल्या तुकड्याचं मोडकं तोंड पॉलिश पेपरने घासून आरशासारखं केलेलं, वर हळदकुंकू, कडेला झेंडूच्या वाळक्या पाकळ्या!

"तात्याराव, अहो, या तोंडावरच सगळं लिहिलेलं असतं. कुठून तडा गेला, किती दिवस चालला. घासून ठेवलं सगळं!"

मी सदाशिव पेठेत जुने मायक्रोस्कोप विकायचो. एक तिला विकला, तेव्हापासून तिच्याकडे चहाला जायची खोड लागली. चहा बेताचाच, पण रागावलेली पूर्णिमा बघायला मिळते, आणि पुण्यात तेवढ्या दर्जाची करमणूक फुकट कुठे मिळते?

पूर्णिमाचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. पोरगी धातुशास्त्रात पहिली आली. वर्गातले बाकीचे हुशार लोक नव्वदीनंतर संगणकाकडे पळाले, ही मोडक्या लोखंडाकडे. प्रयोगशाळेसाठी आधी आमच्याच पेठेत जागा बघत होती. जागामालक सरबत द्यायचे, कौतुक करायचे, मग आडनाव विचारायचे. आडनाव कळलं, की जागा नेमकी कालच गेलेली असायची. त्यातल्या एका जागेवर पुढे दोन वर्षं पाटी होती, 'भाड्याने देणे आहे'. तिचा मालक माझा चुलतभाऊ, म्हणून खात्रीने सांगतो. शेवटी तिने धायरीत शेड घेतली. शिकवून तयार केलेली पोरं सॉफ्टवेअरमध्ये गेली, तरी हिने शेड सोडली नाही.

तर त्या दिवशी तिने पोपटला बोलावून घेतलं. पन्नाशीचा माणूस, हाताला बँडेज, दारात चपला काढून उभा.

"पोपटराव, हे कुणी घासलं?"

"म्याच," पोपट अभिमानाने म्हणाला. "खंडेनवमी व्हती ना. पंधरा वर्सं त्या पंपानं भाकर दिली. तुटला म्हणून काय तसाच काळाकुट्ट पुजायचा? उजव्या हातानं घासला. डावा भाजल्याला हाय."

पूर्णिमा कपाळ धरून स्टुलावर बसली. "अहो, तुमची नोकरी वाचवणारा एकुलता एक साक्षीदार होता तो. तुम्ही त्याची जीभ छाटलीत!"

पोपट हळदकुंकवाकडे बघत म्हणाला, "आन् सायबानं पूजेला आडवलं न्हाई. नारळ त्येनीच फोडला."

"फोडणारच. आमच्या घरी खंडेनवमी नसते, पोपटराव. मशीनला वेळेवर तेल घालतो, तेवढीच पूजा."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. अभय आला. हा तिचा वर्गमित्र, आणि पंप बनवणाऱ्या कंपनीचा दर्जाप्रमुख. कॉलेजात हा तिच्या वह्या उतरवून पास व्हायचा, असं ऐकतो. वह्यांच्या निमित्ताने आणखीही काही चाललं होतं, असंही ऐकतो, पण तो विषय काढला की पूर्णिमा चहा बंद करते.

अभयने लॅपटॉप उघडला. त्यात कारण आधीच रंगीत चौकटीत लिहून तयार होतं: चालकाची चूक.

"तुकडा न बघताच?" पूर्णिमाने विचारलं.

"बघण्यासारखं राहिलंय काय? तुझ्या पोपटरावांनीच पुरावा घासला. तू सही कर आणि मोकळी हो. उद्या सकाळी जुना पंप आमच्या ट्रकने नेतोय, गॅरंटीत बदलून देतोय."

"जुना पंप? अजून उघडला नाही कुणी?"

"कशाला उघडायचा? नवा मिळतोय."

पूर्णिमा माझ्याकडे बघून हसली. मी तिला फार वेळा हसताना पाहिलेलं नाही, त्यामुळे जरा घाबरलोच. अभय गेल्यावर म्हणाली, "तात्याराव, मोडलेल्या वस्तूला तोंडं दोन असतात. हा बाहेर ओढून काढलेला लांब तुकडा. दुसरा बुटका तुकडा पंपाच्या आत, पंख्यात अडकलेला असणार. त्याची पूजा कुणी केलेली नाही."

सकाळी आम्ही तिघे डेपोत पोचलो, तर पंप ट्रकवर चढलेला. साहेब म्हणाले, पंप आता आमचा नाही. अभय म्हणाला, कारखान्यात नेऊन आम्हीच तपासू. पूर्णिमा म्हणाली, "मांजराला दूध मोजायला सांगू?" आणि पदर खोचून सरळ ट्रकवर चढली, पंपावर बसली.

"पूर्णिमा, खाली उतर. तमाशा करू नकोस."

"तमाशा तू केलास, लॅपटॉपवर. मी नुसती बसलेय. पाना आणा."

ड्रायव्हर हसू दाबत बिडी काढायला गेला, तर डेपोचे चार लोक त्याच्या अंगावर धावले. तेलाच्या आवारात बिडी! त्या गोंधळात साहेबांनी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडून सांगितलं, बाई म्हणतात तसं उघडा. पंप उतरवला, झाकण निघालं, पंखा बाहेर आला. मध्ये तो बुटका तुकडा. सवयीने पोपट खिशातलं फडकं काढून पुढे झाला.

"हात लावाल तर बघा!" पूर्णिमा ओरडली. पोपटने हात मागे नेऊन बांधले.

तिने बॅटरीचा तिरपा उजेड पाडला. मलाही दिसलं, म्हणजे आंधळ्यालाही दिसलं असतं. पंखा घट्ट बसावा म्हणून शाफ्टला पाडलेल्या खाचेच्या एका कोपऱ्यापासून निघालेल्या बारीक रेषा, झाडाच्या बुंध्यात वर्तुळं असतात तशा, एकीमागून एक, थेट पलीकडच्या कडेपर्यंत.

"हा कोपरा गोल हवा. तुमच्या कारखान्यात धारदार ठेवलाय," ती म्हणाली. "तिथून तडा निघाला आणि महिनोन्महिने पुढे सरकत राहिला. यांनी त्या दिवशी पंपाला हात लावला नसता, तरी आठवडाभरात मोडलाच असता. असे आणखी किती पंप विकलेत, अभय?"

अभयने वाकून बघितलं. शेवटी हळूच म्हणाला, "'संयुक्त कारणं' असं लिहिलं तर?"

"तुझा कोपरा आणि यांचं नशीब, असं संयुक्त?"

तिने अहवालात कोपराच लिहिला. पोपटला परत घेतलं. कसं घेतलं, ऐका. आदेशात लिहिलं होतं, 'चालकाच्या वयाचा व कुटुंबाचा सहानुभूतिपूर्वक विचार करून त्याची चूक माफ करण्यात येत आहे.' ज्याचा हात भाजला, त्यालाच माफी! मी वाचून दाखवलं. पूर्णिमा गाडीची किल्ली शोधायला लागली, पण पोपट म्हणाला, "बाई, तुमी नगा. माजं म्या बगतो."

तो गणवेश घालून डेपोच्या फाटकावर जाऊन उभा राहिला. आत जाईना. पाळी सुरू झाली, नवा पंप थांबून राहिला, बाहेर टँकरची रांग लागली. साहेब तणतणत फाटकापर्यंत आले.

"काय पाहिजे आता?"

"चूक कंची क्येली, त्येवढी सांगा. मग माफी घ्येतो."

साहेब कागद घेऊन आत गेले. बाहेर आला तो दुसरा कागद, एका ओळीचा: निलंबन रद्द. त्यात सहानुभूती नव्हती, माफी नव्हती, आणि 'आम्ही चुकलो' हेही नव्हतं. पोपटने तो टँकरच्या ड्रायव्हरकडून दोनदा वाचून घेतला, उजव्या हाताने घडी करून खिशात ठेवला आणि पंप सुरू करायला आत गेला.