तांबटांचा अर्ज आणि निरगुडकर बाई

बाईंनी वर्गात एखादं ठाम विधान केलं आणि कुणीच ‘कशावरून?’ असं विचारलं नाही, तर त्या खडू खाली ठेवायच्या. “एवढी मोठी थाप मारली आणि तुम्ही ती निमूट वहीत उतरवून घेतलीत. धन्य आहात!”

निरगुडकर बाई आम्हाला बी.ए.ला इतिहास शिकवायच्या. कसबा पेठेत थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. मी लोणी काळभोरहून एसटीने यायचे. कॉलेज सुटल्यावर त्यांच्या घरी बसून मोडी शिकले. अक्षर अडलं की म्हणायच्या, “अंदाज करू नकोस. अंदाज पंचांगवाल्यांसाठी असतात.”

मी दुसऱ्या वर्षाला असताना परदेशातल्या एका विद्यापीठाची योजना आली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात लंडनला जाऊन जुनी कागदपत्रं वाचायची. बाईंनी परस्पर माझं नाव कळवलं आणि वडिलांना सांगायला थेट आमच्या मळ्यावर आल्या.

“बाई, कालेज सोडलं तर पोर एकटी कदी स्वारगेटला गेली न्हाई,” वडील म्हणाले, “आन् तुमी लंडनला धाडाया निघालाय व्हय?”

“म्हणूनच लंडनला पाठवतेय. स्वारगेटला हरवेल.”

वडील हसले, आणि मी गेले.

बाईंच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकात एक प्रकरण कसब्यातल्या तांबटांवर होतं. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला काही तांबट कुटुंबं दुष्काळामुळे शहर सोडून गेली, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. लंडनला तिसऱ्याच आठवड्यात माझ्यापुढे त्याच तांबटांचा मोडीतला अर्ज आला. त्यात दुष्काळाचं नावही नव्हतं. सरकारी माणसं आम्हाला वेठीस धरतात, घरची भट्टी विझून जाते, म्हणून आम्ही गाव सोडतो, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. मी तो पाच वेळा वाचला. अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं आणि बाईंना पाठवलेल्या एकाही पत्रात त्याचा उल्लेख केला नाही.

परत आल्यावर बाईंनी माझ्या वह्या मागितल्या. अर्ज ज्या वहीत होता, ती मी सगळ्यात खाली ठेवली होती. त्यांनी तो सावकाश वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“हे सापडलं आणि सबंध उन्हाळा तोंडात गुळणी धरून बसलीस?”

“तुमचं पुस्तक, बाई...”

“पुस्तक माझं आहे. तांबट माझे नाहीत.”

पुढच्याच महिन्यात शहरातल्या अभ्यासकांच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या, माझं नाव घेऊन अर्ज वाचून दाखवला आणि म्हणाल्या, “माझं प्रकरण चुकलं आहे.” एक ज्येष्ठ गृहस्थ कुजकट हसले. “बाई, कॉलेजातल्या मुलीच्या नकलेवर एवढा विश्वास?”

“तिला मोडी मी शिकवली आहे. शंका असेल तर माझ्यावर घ्या.”

परतताना आम्ही रिक्षात बसलो. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी घाबरून म्हटलं, “बाई, मी तो कागद आणायलाच नको होता.”

“अकरा वर्षं घातली होती त्या प्रकरणात. वाईट वाटणारच, मी काय दगड आहे?” चष्मा परत डोळ्यांवर चढवून त्या म्हणाल्या, “गाव का सोडलं ते कळलं. आता ते गेले कुठे, हे शोध. मला ते आता जमणार नाही.”

मला त्याला नऊ वर्षं लागली. मधे परगावी नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडं थोडं शोधत राहिले. शेवटी घाटाजवळच्या एका लहान गावातल्या देवळाच्या दफ्तरात अर्जातल्या तांबटांची नावं सापडली. त्यांनी तिथे नव्याने भट्ट्या घातल्या होत्या. निष्कर्ष लिहून काढला आणि कसब्यात गेले, तेव्हा बाईंना जाऊन चार महिने झाले होते.

दार त्यांच्या बहिणीनं उघडलं. मी कशासाठी आले ते ऐकून त्या माझ्यासमोर ताठ बसल्या.

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,” त्या म्हणाल्या. “पण ती रोज विचारायची, पोरीचं काही पत्र आलं का म्हणून. तू वाच.”

मी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.